दाढेत राहिलेलं टोक

आमच्या सोसायटीत कुणाचा दात दुखू लागला की तो माणूस ते आधी डॉक्टर आजगावकरांपासून लपवत असे. दवाखान्याची भीती हे त्याचं कारण नव्हतं. डॉक्टर रस्त्यात पकडत, हे कारण होतं.

मुलुंड पूर्वेला आमच्या तीन इमारती आहेत. मधल्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा दवाखाना आणि त्याच जिन्याने वर गेलं की घर. त्यामुळे ते घरी असोत वा दवाखान्यात, सोसायटीतलं प्रत्येक तोंड त्यांच्या टप्प्यात असे. सत्यनारायणाच्या पूजेला ते प्रसादाची वाटी घेऊन भिंतीला टेकून उभे राहत आणि लोकांचे जबडे बघत. बाकीचे कोण काय नेसून आलंय ते बघायचे, हे कोण कुठल्या बाजूने चावतंय ते बघायचे.

"काय काळे, डावी बाजू रजेवर आहे वाटतं?" असं ते आरतीनंतर, भर लोकांत मोठ्याने विचारत.

काळे शिऱ्याचा घास गालात धरून म्हणत, "नाही हो, सहज."

"सहज कोणी एका बाजूने चावत नाही. उद्या या."

आणि काळे जात. न जाऊन करतात काय.

डॉक्टर ठेंगणे, गोरे, डोक्यावर केस बेताचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा असे, पण वर कोट कधी नसे. "कोट घातला की पेशंटचं बीपी वाढतं आणि डॉक्टरचं डोकं चढतं," असं म्हणत. दवाखान्याबाहेरच्या बाकावर जुने दिवाळी अंक पडलेले असत. ते इतक्या लोकांनी इतक्या वेदनेत चाळले होते की त्यातल्या विनोदी कथांची पानंही करुण दिसत. पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेल्या, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. दवाखान्यात ते आणि मंदाताई, एवढाच कारभार. मंदाताई भांडुपहून येत. हत्यारं उकळणं, हातात देणं, पेशंटच्या पायांवर नजर ठेवणं ही सगळी कामं त्यांची. पायांवर नजर अशासाठी की आ करून पडलेला माणूस दुखलं की पाय हलवतो.

मी पहिल्यांदा गेलो तो दाढ काढून घ्यायला. रात्रभर जागून मनाची तयारी करून गेलो होतो.

"काढून टाका," मी म्हणालो.

"का बरं? काय वाकडं केलंय तिने तुमचं?"

"झोप नाही डॉक्टर, दोन दिवस."

"मूल रात्री रडलं म्हणून कोणी त्याला अनाथाश्रमात नेऊन ठेवत नाही."

मी असहायपणे मंदाताईंकडे बघितलं. त्या ट्रे लावत होत्या. म्हणाल्या, "बसा हो साहेब गुमान. हे काढत नाहीत. माझा भाऊ आला होता दाढ काढायला. चार खेपा घातल्या आणि दाढ घेऊनच घरी गेला."

दात वाचवणं हे डॉक्टरांचं व्यसन होतं. रूट कॅनल म्हणजे एका बैठकीत उरकायची गोष्ट, हे त्यांना मान्य नव्हतं. ते खेपा घालायला लावत. दाताला मधे भोक पाडायचं, आतली मेलेली नस काढायची, मुळांच्या नळ्या बारीक सुयांनी घासून साफ करायच्या, धुवायच्या, लवंगेच्या वासाचं औषध भरून माणसाला घरी पाठवायचं, आणि आठवड्याने पुन्हा उघडून बघायचं. सुया म्हणजे केसाएवढ्या, मळसूत्रासारख्या पिळाच्या. हल्ली त्या मोटरवर फिरवतात. डॉक्टर चिमटीत धरून फिरवत. म्हणत, मोटरला घाई असते, बोटांना नसते.

माणसांशी ते स्वच्छ, जरा जास्तच स्वच्छ मराठी बोलत. दाताशी मात्र मालवणीत. हे त्यांना स्वतःला माहीत होतं की नाही कुणास ठाऊक. वरच्या दाढेला मुळं तीन, पण नळ्या पुष्कळदा चार असतात, आणि चौथी एका खाचेत दडून बसलेली असते. ती सापडली नाही की सगळं केलेलं फुकट. ती शोधताना डॉक्टरांचा चेहरा पेशंटच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर येई आणि ते पुटपुटू लागत, "खंय लपलंस रे? आं? भायर ये बघू... अरे, हयसर आसस तर!" त्या क्षणी त्यांच्या आवाजात जो आनंद असे तो मी नंतर फक्त लेकीचा फोन आला की ऐकला.

आणखी एक सवय म्हणजे ते सगळं सांगत. आधी सांगत, करताना सांगत, झाल्यावर एक्स-रे उजेडाच्या डब्यावर लावून परत सांगत. "ही बघा तुमची दाढ. इतकी वर्षं तोंडात घेऊन फिरताय, साधी ओळख नाही. हे मूळ वाकडं आहे. मला आवडलेलं नाही." पेशंट दिलासा मागायला यायचा आणि ते त्याच्या हातात माहिती ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, एवढं कशाला सांगता? आम्हाला दुखायचं थांबलं की झालं."

"दाढ तुमची," ते म्हणाले. "मी तिच्यात शिरतो, काम करतो, बाहेर येतो. मी आत काय केलं ते घरमालकाला नको कळायला?"

ही सवय पुढे त्यांना फार महागात पडली.

समोरच्या नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दातांचा झगझगीत दवाखाना सुरू झाला तो करोनानंतर. काचेचं दार, जांभळा रंग, इंग्रजी नाव, आणि नावात स्मितहास्य. उद्घाटनाला नगरसेवक आले. बत्तिशीच्या आकाराचा केक आणला होता. त्यातल्या सुळ्यावर सुरी ठेवून त्यांनी भाषण केलं की दात हा लोकशाहीचा पाया आहे. का, ते त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. डॉक्टर आजगावकर नारळ घेऊन गेले होते. तिथली मुख्य डॉक्टर रिद्धी ही लहानखुरी, हुशार डोळ्यांची मुलगी. डॉक्टर तिच्याशी बराच वेळ कोपऱ्यात बोलत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय बोललात?

"मशीन बघितलं. छान आहे. मी तिला म्हटलं, चौथी नळी शोधतेस ना? म्हणाली, शोधते. मग ठीक आहे."

स्पर्धा, धंदा, शेजार यांपैकी कशाबद्दलही ते अवाक्षर बोलले नाहीत. एक चौथी नळी सोडली तर त्यांना त्या दवाखान्याबद्दल कसलीच उत्सुकता नव्हती.

मग सरपोतदारांची दाढ आली.

सरपोतदार आमचे सेक्रेटरी. माईक हा त्यांच्या शरीराचा अवयव. पाण्याच्या टाकीची सफाई आहे हे सांगतानाही ते "सन्माननीय सभासदहो" अशी सुरुवात करत. त्यांच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल डॉक्टर करत होते. पुढचं मी मंदाताईंकडून ऐकलंय, आणि मंदाताई पदरचं घालत नाहीत.

नळी वाकडी होती. सुई आत फिरत असताना डॉक्टर थांबले. सुई बाहेर काढली, दिव्याखाली धरली. टोक नव्हतं. त्यांनी एक्स-रे काढला, बराच वेळ खटपट केली, पुन्हा एक्स-रे काढला. मग खुर्ची सरळ केली आणि म्हणाले, "सरपोतदार, सुईचं टोक तुटलंय. आत, मुळाच्या तळाशी अडकलंय. काढायला गेलो, निघत नाही. जास्त जोर केला तर मूळ फुटेल. नळी त्याआधीच साफ झाली होती, त्यामुळे तिथेच ठेवून वरून बंद करतो. बहुतेक वेळा आयुष्यभर काही होत नाही. तरी आपण अधूनमधून फोटो काढून बघू. दुसऱ्या कुणाला दाखवायचं असेल तर हे एक्स-रे घेऊन जा. मी नाव सुचवतो."

सरपोतदारांच्या तोंडात कापूस होता. ते "आँ?" एवढंच म्हणाले. माझ्या माहितीप्रमाणे सेक्रेटरी म्हणून त्यांचं हे सर्वांत छोटं भाषण.

संध्याकाळपर्यंत ते टोक सोसायटीभर झालं. दुसऱ्या दिवशी त्याची सुई झाली आणि आठवड्याच्या शेवटी तार. ग्रुपवर कुणीतरी काळजीचा हात जोडलेला इमोजी टाकला, कुणीतरी धातूच्या विषबाधेवरचा लेख. मग गेटजवळच्या कट्ट्यावर एक वाक्य आलं, "वय झालं हो. हात थरथरतो त्यांचा." हे पहिल्यांदा कोण बोललं ते कधी कळलं नाही. डॉक्टरांचा हात थरथरताना पाहिलेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. हात थरथरतो असं ऐकलेले मात्र सगळे भेटले.

पुढे एकदा मी समोरच्या डॉक्टर रिद्धीला विचारलं, सुईचं टोक असं तुटतं का?

"काका, जो रूट कॅनल करतो त्याच्याकडून कधी ना कधी तुटतंच."

"मग तुम्ही सांगता?"

"आधी फॉर्मवर सही घेतो ना आपण सगळ्याची."

न सांगता वरून सिमेंट भरून कॅप बसवली असती तर सरपोतदार आजही डॉक्टरांचे गुण गात फिरले असते. मंदाताईंनी त्याच दिवशी तोंडावर विचारलं होतं, "सर, सांगायला कशाला गेलात? त्यांना काय कळणार होतं?"

"दाढ कुणाची?"

"त्यांची."

"मग?"

"मग काय मग? आता बसा."

आता खरं तर भांडण व्हायला हवं होतं. मुंबईचा माणूस भांडायला घाबरत नाही. पार्किंगवरून आमच्याकडे लोकांनी एकमेकांची खानदानं काढली आहेत. पण ज्याने आपल्या आईची कवळी बसवली, आपल्या पोरांचे दुधाचे दात हलवून हलवून पाडले, लग्नाच्या आदल्या दिवशी सुजलेला गाल उतरवून दिला, त्याला "आता तुमच्यावर भरवसा नाही" असं सांगायचं कुणी? ते कुणाच्याच तोंडून निघेना. मग सोसायटीने, कुठलीही सभा न घेता, एकमताने मार्ग काढला. रूट कॅनल समोर करायचं आणि दात साफ करून घ्यायला डॉक्टरांकडे जायचं. म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही.

समोर जाण्याचीही एक रीत बसली. गेटमधून निघून थेट रस्ता ओलांडायचा नाही. किराणा दुकानापर्यंत जायचं, दूध घ्यायचं, आणि पलीकडच्या फुटपाथने परत यायचं. करोना विसरला गेला तरी आमच्यातली काही तोंडं त्या फुटपाथवर मास्क लावून असत. त्या जिन्यात दोन सभासद समोरासमोर आले तर एक म्हणे, "आपलं रेट विचारायला आलो होतो." दुसरा म्हणे, "मी पण." पहिल्याचा अर्धा ओठ बधिरीने लोंबत असे.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नाही. ज्या माणसाचा व्यवसायच तोंडात बघायचा, त्याच्यापासून आम्ही तोंडातली गोष्ट लपवायला निघालो होतो, आणि वर दर सहा महिन्यांनी त्याच्याच खुर्चीत आडवे होऊन मोठ्ठा आ करत होतो.

माझ्या डोक्यात ते आलं ते वैशालीमुळे. वैशाली माझी बायको. तिनेही समोर दाढ करून घेतली होती, कॅपही बसवली होती. मग रीतसर, मनाची टोचणी घालवायला, डॉक्टरांकडे दात साफ करायला गेली. मी सोबत होतो, आत कोपऱ्यातल्या स्टुलावर. डॉक्टर आरसा घेऊन एकेक दात बघत निघाले. त्या दाढेपाशी आल्यावर आरसा थांबला. त्यांनी हत्याराच्या मागच्या टोकाने कॅपवर हलकेच टकटक केलं. कडेने सुई फिरवून बघितली. हिरडी दाबून बघितली.

मला वाटलं, आता विचारणार. वैशालीचे पाय हलले.

"कड छान बसलीय," डॉक्टर म्हणाले. "हिरडीला लाली नाही. चांगलं काम आहे. त्या बाजूने चावायला हरकत नाही."

आणि त्यांनी ब्रश घेऊन ती कॅप घासली. बाकीच्या दातांपेक्षा जरा जास्तच वेळ घासली.

घरी जाताना जिन्यात वैशाली थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्यांनी विचारलंच नाही हो."

"बरं झालं की."

"काय बरं झालं? विचारायला हवं होतं. ओरडायला हवं होतं माझ्यावर. म्हणजे मी काहीतरी बोलले असते."

"काय बोलली असतीस?"

"तेच सुचत नाही ना."

दोन पायऱ्या चढून म्हणाली, "म्हणजे सगळ्यांचं माहीत आहे त्यांना. सगळ्या सोसायटीचं. कोणी कधी, कुठली दाढ, सगळं."

वर्षभर हे असंच चालू होतं. एकेक तोंड येई, उघडे, आत दुसऱ्याचं काम दिसे, आणि डॉक्टर ते नीट घासूनपुसून परत करत. नवं रूट कॅनल म्हणून त्यांच्याकडे कुणी आलं नाही. लवंगेचा वास हळूहळू त्या दवाखान्यातून गेला.

एकदा मी बाहेर बाकावर होतो. आत पेशंट नव्हता. मंदाताईंचा आवाज आला.

"आज पण सगळी सफाईच. मी काय झाडूवाली आहे का, आणि तुम्ही? पन्नास वेळा सांगितलं, बोला. त्या काळेला विचारा, काय रे बाबा, माझ्याकडे काय कमी पडलं?"

"मंदा, माणूस डॉक्टर बदलू शकतो. त्याचा हक्क आहे तो."

"मग तोंडावर सांगायला काय जातं त्यांचं?"

"सांगायचं की नाही हा त्यांचा प्रश्न."

"आणि तुम्ही? तुम्ही का सांगत सुटता सगळ्यांना सगळं? तुमचाच तेवढा प्रश्न नसतो का कधी?"

आत नळ सुरू झाला. डॉक्टर हात धूत होते. नळ बराच वेळ चालू राहिला, मी दिवाळी अंकाचं एकच पान वाचत राहिलो.

आता इथे सोसायटीला एक कल्पना सुचली, आणि आमच्यासारख्या लोकांना कल्पना सुचली की ती सत्काराची असते. गणपतीत डॉक्टरांचा सत्कार करायचं ठरलं. सरपोतदारांनीच ठरवलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सत्कार झाला की माणसाला आपलं संपलं असं कळतं आणि तो मानाने दुकान बंद करतो, असा त्यांचा हिशेब असावा. आमच्याकडे निवृत्त व्हा असं कुणी कुणाला सांगत नाही, शाल देतात.

मंडपात शाल आली, श्रीफळ आलं, पुष्पगुच्छ आला, आणि फ्रेममध्ये घातलेलं मानपत्र आलं. मानपत्रात डॉक्टरांना "दंतवैद्यकाचे भीष्माचार्य" म्हटलं होतं. भीष्म शेवटी कुठल्या अवस्थेत पडून होते, याचा विचार मानपत्र लिहिणाऱ्याने केला नसावा. सरपोतदार त्यांच्या "सिद्धहस्त सेवेबद्दल" बोलले, बोलले आणि बोलतच राहिले. "आता त्यांनी नातवंडांत रमावं, गावाकडची हवा खावी, ही आपणा सर्वांची सदिच्छा," असा शेवट झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर शाल खांद्यावर घेऊन माईकपाशी आले. माईक त्यांच्या उंचीला वर होता, तो कुणीतरी खाली केला.

"शालीबद्दल आभारी आहे," ते म्हणाले. "दवाखाना सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ उघडा असतो."

आणि खाली जाऊन बसले.

एक जण हसला आणि सगळे हसले. काय विनोदी माणूस आहे, असं म्हणत लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी वैशाली हसत नव्हती. ती म्हणाली, "हे मागणं होतं हो." मी म्हणालो, "मला कळलंय." पण टाळी माझीही वाजलीच होती, सगळे वाजवत असताना हात मांडीवर ठेवून बसायला जो कणा लागतो तो आमच्या इमारतीत कुणाकडे फारसा नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दवाखाना उघडला. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. मी कामाला जाताना हात केला. त्यांनीही केला. संध्याकाळी परत येताना मंदाताई बाहेर बाकावर शेंगा सोलत बसल्या होत्या. मी विचारलं, "आलं का कोणी?" त्या म्हणाल्या, "आले ना. सरपोतदारांचा पोऱ्या, मंडपाच्या खुर्च्या मोजायला."

काही महिन्यांनी मंदाताई समोर जांभळ्या गणवेशात दिसल्या. मला धक्काच बसला. मी विचारलं तर फटकन म्हणाल्या, "मी नाही गेले. त्यांनी पाठवलं. स्वतः जाऊन त्या रिद्धी मॅडमशी बोलले. मी चार दिवस बोलत नव्हते त्यांच्याशी. म्हणे, मंदा, तुझे हात चालू राहिले पाहिजेत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता हत्यारं स्वतःच उकळतात. कशाला उकळतात कुणास ठाऊक."

सरपोतदारांची दाढ, सांगायला हवं, उत्तम आहे. सुईचं टोक आत आहे, वर कॅप आहे, आणि ते त्याच बाजूने चकली फोडतात. मी त्यांना एकदा म्हणालोही, "दाढ टिकली की हो." ते म्हणाले, "नशीब आपलं." डॉक्टरांचं नाव त्यांनी घेतलं नाही आणि मीही सुचवलं नाही.

डॉक्टर आता आमच्याकडे नाहीत. मुलगी येऊन घेऊन गेली. तळमजल्यावरच्या त्या खोलीत जागा भाड्याने देणाऱ्या दलालाचं ऑफिस आहे. जाताना ते कुणाला भेटले नाहीत, म्हणजे निरोप समारंभाला वाव दिला नाही. त्याआधी मी त्यांना शेवटचं बघितलं ते समोरच्या दवाखान्यात.

वैशालीची दुसरी दाढ होती. ती आत गेली होती आणि मी बाहेर जांभळ्या सोफ्यावर. पलीकडे सरपोतदार, त्यांच्या शेजारी काळे. तिघेही मोबाइलमध्ये बघत होतो. काचेचं दार उघडलं आणि डॉक्टर आजगावकर आत आले. एका गालावर हात धरलेला होता.

वर्गात मास्तर आले की मुलं जशी उभी राहतात तसे आम्ही तिघे उभे राहिलो.

"डॉक्टर!" सरपोतदार म्हणाले. "तुम्ही? इथे?"

"खालची दाढ आहे. नळ्या करायला लागतील. स्वतःची स्वतःला करता येत नाही."

"नाही नाही, बरोबर. आम्ही आपले..." सरपोतदारांनी काळ्यांकडे बघितलं. काळ्यांनी फिशटँककडे.

"बसा, बसा," डॉक्टर म्हणाले आणि आमच्यात बसले.

सोफा मऊ होता, त्यात माणूस खोल जाई. डॉक्टरांचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. टीव्हीवर कुणीतरी चकचकीत दातांनी हसत होतं. बोलण्यासारखं इतकं होतं की कुणालाच सुरुवात करता येईना. मला वाटलं, आता बोलावं. सगळ्यांच्या वतीने बोलावं. मी वाक्य जुळवायला घेतलं, तेवढ्यात आतलं दार उघडून मंदाताई आल्या. हातात नंबरांची यादी होती, ती त्यांनी बघितलीच नाही.

"सर, या."

काळ्यांचा नंबर आधी होता. त्यांनी पाय आत घेऊन वाट दिली.

वैशाली बाहेर येऊन खाली औषधं घ्यायला गेली. मी मात्र निघालो नाही. सरपोतदारांचं काम पाच मिनिटांचं होतं, तेही होऊन गेलं. तेही निघाले नाहीत, काळेही बसून होते. आम्ही काय करत होतो हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. खालचा ओठ एका बाजूने सैल झाला होता, गालात कापसाचा बोळा. मंदाताई दारापर्यंत सोडायला आल्या आणि परत आत वळल्या. डॉक्टर माझ्यासमोर थांबले. रुमालाने ओठाची कड टिपली आणि बोलू लागले.

मला एक अक्षर कळलं नाही. बधीर जिभेने शब्द सगळे एकमेकांत मिसळले होते. चार-पाच वाक्यं असावीत. सूर तक्रारीचा नव्हता. एक्स-रे समोर धरून ते सांगत, त्या सुरात सांगत होते, शांतपणे, काहीही न गाळता. मधे एकदा त्यांनी बोटाने आमच्या तिघांकडे निर्देश केला आणि एकदा खिडकीबाहेर, आमच्या इमारतीकडे. शेवटी थांबले. भुवया वर गेल्या होत्या, म्हणजे शेवटचं वाक्य प्रश्न होतं, आणि ते उत्तराची वाट बघत होते.

डॉक्टर, कळलं नाही, जरा पुन्हा सांगता का, एवढंच म्हणायचं होतं. नाहीतर बधिरी उतरल्यावर संध्याकाळी येतो, असं. समोरच तर राहत होते.

"हो, हो," मी म्हणालो. "नक्की."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश मान हलवली, माझ्या दंडावर थोपटलं आणि काचेचं दार ढकलून जिना उतरू लागले.

"काय म्हणाले?" सरपोतदारांनी विचारलं.

"निघतो म्हणाले," मी सांगितलं.